अपुरा अभ्यास घेऊन परतताना

(परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निरोपप्रसंगी संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांला विषय दिला होता 'परदेशातील उच्च शिक्षण आणि आपली जबाबदारी'. विषय फार मोठा आहे आणि त्यावर आमच्यापेक्षा अधिकाराने बोलणारे या सभागृहातच बसलेले आहेत. म्हणून आम्ही त्यातला एक लहानसा तुकडा उचलणार आहोत. शिकायला गेलेला विद्यार्थी मायदेशी परत निघतो, त्याच्या अगोदरचे त्याचे शेवटचे काही आठवडे. जाण्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. अर्ज कसा भरावा, व्हिसा कसा मिळवावा, थंडीचे कपडे कोठून घ्यावेत, बरोबर मसाला किती द्यावा, सगळे बोलून होते. परत निघण्याविषयी मात्र कोणी काही सांगत नाही. जणू काही शेवटच्या दिवशी पदवीचे कागद गुंडाळून हाती येतात आणि मुलगा विमानात बसतो!

आपल्या लहान मुलांना विचारा. एप्रिलमधल्या वक्तृत्व स्पर्धेत आपली सात-आठ वर्षांची मुले घडाघडा म्हणून दाखवितात, बी.ए., एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. टाळ्या पडतात. आम्हीही वाजवितो. परंतु या माळेतल्या मण्यांखाली तारखा लिहून पाहा, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येईल. परमपूज्य बाबासाहेबांनी विद्यार्थी म्हणून परदेशातील अभ्यासाची जागा तीन वेळा सोडली. न्यूयॉर्क सोडले जून १९१६ मध्ये, लंडन सोडले १९१७ च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा लंडन सोडले १९२३ मध्ये. या तिन्ही वेळी त्यांच्या हातातले काम अपुरे होते. एकदाही असे झाले नाही की सगळे संपले, सही-शिक्का झाला, आता निघावे.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत. त्याचे कारण थोडे पुढे सांगू.

आपण मधला प्रसंग घेऊ, लंडनचा, १९१७ सालचा. तो सर्वांत कठीण होता असे आमचे मत आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती दिली, तिचा करार जून १९१३ मध्ये झाला. दरमहा साडेअकरा पौंड. एका पौंडाला पंधरा रुपये हा तेव्हाचा भाव धरला तर महिन्याला सुमारे १७२ रुपये होतात. त्यातूनच राहणे, जेवण, पुस्तके आणि घरी रमाईंना पाठवायचे पैसे. त्या बदल्यात, शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावी अशी अट होती. मुदत मुळात तीन वर्षांची. त्या तीन वर्षांत कोलंबिया विद्यापीठात त्यांनी काय केले याचा हिशेब आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषांचे एकेक. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला. जून १९१६ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर करून ते लंडनला निघाले.

प्रबंध सादर झाला, परंतु कोलंबियाच्या नियमाप्रमाणे तो छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी हाती येत नसे. छापायला पैसे कोठून आणायचे? म्हणजे पहिले अपुरे काम तेथेच पाठीशी बांधले गेले. ते केव्हा पुरे झाले ठाऊक आहे? पुस्तक १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनसंस्थेने छापले, प्रा. सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि पीएच.डी.ची पदवी रीतसर मिळाली ती ८ जून १९२७ रोजी. न्यूयॉर्क सोडल्यापासून अकरा वर्षांनी! तोपर्यंत महाडचा सत्याग्रहदेखील झाला होता.

लंडनला आल्यावर ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. फी साडेदहा पौंड, म्हणजे जवळजवळ एक महिन्याची पूर्ण शिष्यवृत्ती. भूगोलाला मॅकिंडर, राजकीय विचारांना लोव्ज डिकिन्सन, समाजशास्त्राला हॉबहाउस, असे नामवंत शिक्षक. त्याच वर्षी ग्रेज इन या संस्थेत बॅरिस्टरीसाठी नाव दाखल केले. बॅरिस्टरीची एक गंमत आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. तेथे नुसत्या परीक्षा देऊन भागत नसे. इनच्या भोजनगृहात ठरलेली जेवणे घेऊन सत्रे भरावी लागत, अशी बारा सत्रे. म्हणजे हा अभ्यास घरबसल्या, टपालाने वगैरे करण्यातला नव्हता. शरीराने लंडनमध्ये हजर असणे भाग होते.

असे दोन्ही अभ्यास चालू असताना, एक वर्ष पुरे होण्याच्या आतच शिष्यवृत्तीची मुदत संपत आली. मुदत एकदा वाढवून मिळाली होती, ती जून १९१७ मध्ये संपणार होती. आता परत या, असे बडोद्याहून बोलावणे आले.

मित्रांनो, तो काळ डोळ्यांपुढे आणा. पहिल्या महायुद्धाचे तिसरे वर्ष संपत आले होते. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्यांचे अनिर्बंध युद्ध पुकारले होते. दिसेल ते जहाज बुडवावयाचे. एकट्या एप्रिल महिन्यात आठ लाख टनांहून अधिक वजनाची जहाजे समुद्राच्या तळाशी गेली. इंग्लंडमध्ये सरकारच लोकांना पाव कमी खा म्हणून विनवीत होते. १३ जून रोजी भर दिवसा जर्मन विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकले, त्यात १६२ माणसे मेली. पॉप्लर भागातल्या एका शाळेवर बॉम्ब पडून अठरा मुले गेली. ज्या महिन्यात शिष्यवृत्ती संपली त्याच महिन्यातली ही गोष्ट. मुंबईकडे निघणाऱ्याला असे वाटावे की एकदा अरबी समुद्रात शिरलो की सुटलो, तर तेही खरे नव्हते. २३ जून १९१७ रोजी 'मंगोलिया' नावाची मोठी प्रवासी बोट मुंबईच्याच किनाऱ्याजवळ सुरुंगाला लागून बुडाली. जर्मन जहाजाने गुपचूप येऊन तेथे सुरुंग पेरून ठेवले होते.

अशा वेळी सव्वीस वर्षांचा विद्यार्थी काय करील? राहावे तर पैसा नाही, आणि कराराने बांधलेला. निघावे तर वाटेत मरण आणि पाठीमागे दोन अर्धवट अभ्यास. आमच्यासारख्याने हाय खाल्ली असती. किंवा, आम्ही खरे तेच सांगतो, आम्ही सामान बांधले असते, चार मित्रांचा निरोप घेतला असता, म्युझियम पाहून घेतले असते आणि मनाची समजूत घातली असती की नशिबात नव्हते.

बाबासाहेबांनी त्या शेवटच्या आठवड्यांत एक काम केले, आणि आजच्या भाषणात आम्हांला जे सांगायचे आहे ते त्या एका कामाविषयी आहे. त्यांनी विद्यापीठाकडून लेखी परवानगी मिळविली. प्रा. एडविन कॅनन यांच्या साह्याने लंडन विद्यापीठाने जुलै १९१७ मध्ये त्यांना चार वर्षांपर्यंतची रजा मंजूर केली. या चार वर्षांत केव्हाही परत यावे आणि अभ्यास जेथे सुटला तेथून पुढे सुरू करावा.

वरवर पाहता हा एक कागद. त्याने पोट भरत नाही, त्याला चौकट करून भिंतीवर लावता येत नाही. कोणत्याही चित्रकाराने हा प्रसंग रंगविलेला आमच्या पाहण्यात नाही. चवदार तळ्याचे चित्र आहे, संविधान अर्पण करतानाचे चित्र आहे, दीक्षाभूमीचे आहे. एक तरुण मुलगा रजेचा अर्ज लिहितो आहे, याचे कोण चित्र काढणार? पण तो कागद नसता तर पुढचे काय झाले असते याचा विचार करावा.

पुढची हकीकत आपणांस ठाऊकच आहे. सामान आणि पुस्तके थॉमस कुक कंपनीच्या हवाली करून ती वेगळ्या बोटीने रवाना केली. स्वतः फ्रान्समधील मार्सेल्स बंदर गाठून 'कैसर-इ-हिंद' बोटीने निघाले. सामानाची बोट पाणतीर लागून बुडाली. बोट बुडाल्याची बातमी मुंबईस पोहोचली तेव्हा घरच्यांचा जीव टांगणीला लागला. बाबासाहेब दुसऱ्या बोटीत आहेत हे कळेपर्यंत रमाईंची काय अवस्था झाली असेल, ते ज्यांचे माणूस परदेशात आहे त्यांनीच जाणावे. २१ ऑगस्ट १९१७ रोजी बाबासाहेब मुंबईत उतरले. ग्रंथांचा संग्रह समुद्रात गेला होता. न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून घेतलेली सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी एका मित्राबरोबर पाठविण्याची व्यवस्था केली होती, असे चरित्रकार सांगतात. तीही सगळी हाती लागली नाहीत. पुस्तकांवर पोटच्या पोरांसारखे प्रेम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे दोन वेळा यावे!

परत येण्याच्या त्या दिवसांत आणखी दोन गोष्टी घडल्या. त्यांचा उल्लेख चरित्रांतून ओझरता येतो किंवा येतही नाही. न्यूयॉर्कला वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकाच्या मे १९१७ च्या अंकात छापून आला. म्हणजे माणूस मुंबईस पोहोचण्यापूर्वी त्याचा निबंध छापील रूपात हिंदुस्थानातल्या वाचकांपुढे आलेला होता. तो सामानाच्या पेटीत ठेवलेला असता तर? दुसरी गोष्ट राजकारणातली. बाबासाहेब मुंबईत उतरले त्याच्या आदल्याच दिवशी, २० ऑगस्ट १९१७ रोजी, भारतमंत्री माँटेग्यू यांनी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानास टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. त्याच सुधारणांच्या ओघात जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडावयास बाबासाहेब उभे राहिले. अपुरा अभ्यास घेऊन परतलेला माणूस काही रिकाम्या हाताने परतलेला नव्हता.

बडोद्याला जाण्यापुरते पैसेदेखील घरात नव्हते. बुडालेल्या सामानाची नुकसानभरपाई म्हणून कंपनीकडून ६०० रुपये आले, त्यातले काही घरखर्चाला देऊन बाबासाहेब बडोद्याला गेले. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशाने नोकरीवर रुजू व्हायला जाणे, यावर आम्ही काय बोलावे? तेथे पारशी खानावळीत जे झाले, कचेरीत शिपायांनी लांबून कागद कसे टाकले, पिण्याच्या पाण्याचे काय झाले, ते आपण दरवर्षी ऐकतो. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे की पाच वर्षांच्या परदेशवासात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती, आणि बडोद्याच्या वाटेवर ती पुन्हा समोर उभी राहिली. आज परत येणाऱ्या मुलांनाही हा धक्का थोड्याफार प्रमाणात बसतो. भाड्याने घर बघायला जा, मग आडनाव विचारतात. तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

आपण त्या कागदाकडे परत येऊ. बडोद्याची नोकरी सुटली. मुंबईत शिकवण्या केल्या. शेअर-दलालीत सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, तो जात कळताच बसला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली तेव्हा पगारातून काटकसर करून शिल्लक टाकायला सुरुवात केली. घरात भागत नसताना शिल्लक कशासाठी? कारण लंडनमध्ये एक दार चार वर्षांपुरते उघडे होते आणि त्या चार वर्षांतले एकेक वर्ष सरत होते. मुदत आहे म्हटल्यावर माणूस हिशेबाने वागतो. मुदतच नसती तर 'जाऊ केव्हातरी' असे म्हणता म्हणता संसार आणि चळवळ यांनी सगळा काळ खाऊन टाकला असता.

१९२० च्या जुलैत बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते नवल भथेना यांनी. हे भथेना कोण? न्यूयॉर्कला लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये एका खोलीत राहिलेले पारशी मित्र. परदेशातून आणलेले सामान समुद्राने गिळले, पण तेथे जोडलेले माणूस उपयोगी पडले. प्रा. कॅनन यांचेही तेच. १९१७ मध्ये ज्यांनी रजा मिळवून देण्यास हात दिला, त्यांनीच १९२३ मध्ये बाबासाहेबांच्या 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. त्यात त्यांनी आपले काही बाबतींत मतभेद आहेत हेही लिहिले आहे. शिष्याशी मतभेद असूनही त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारा गुरू मिळणे हे मोठेच भाग्य म्हणायचे.

त्या ग्रंथाचा विषय मनोरंजक आहे. हिंदुस्थानच्या रुपयाचा भाव सुमारे दोन दशके एक शिलिंग चार पेन्सला बांधून ठेवलेला होता. युद्धात चांदी महागली आणि ऑगस्ट १९१७ मध्ये, म्हणजे बाबासाहेब मुंबईला पोहोचले त्याच महिन्यात, सरकारला तो भाव वाढवून एक शिलिंग पाच पेन्स करावा लागला. पुढे तो आणखी वर गेला आणि मग कोसळला. जे त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होते, ज्याची झळ पौंडांत फी भरणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या खिशात लागते, तेच त्यांनी प्रबंधाचे प्रकरण केले. मधली तीन वर्षे अभ्यासाच्या दृष्टीने वाया गेली असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे.

जून १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. चार वर्षांच्या आत! १९२२ मध्ये बॅरिस्टरीची सनद मिळाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला आणि मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो दुरुस्त करून द्या म्हणून परत केला. पुन्हा तीच वेळ आली. पैसे संपलेले, घरी कर्ज आणि संसार. पुन्हा शेवटचे आठवडे आणि पुन्हा अपुरे काम घेऊन परत. या वेळी मुंबईत बसून प्रबंध दुरुस्त केला, लंडनला पाठविला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. हे सगळे सोपे झाले असे कोणी समजू नये. आणि सगळेच पुरे झाले असेही समजू नये. जर्मनीत बॉन विद्यापीठात १९२२ मध्ये त्यांनी नाव नोंदविले होते. तो अभ्यास राहिला तो राहिलाच. आपल्या यादीत त्याचा उल्लेख नसतो. आमच्या मते असावयास हवा.

आता हे सर्व सांगण्याचे कारण.

काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतला एक मुलगा सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी विद्यापीठात संशोधनासाठी गेला. घरात दहावीच्या पुढे गेलेला तो पहिलाच. त्याचे वडील महापालिकेत सफाई खात्यात होते. तो परत येणार असे कळले तेव्हा आम्ही संस्थेतर्फे तयारी केली. विमानतळावर जायला दोन गाड्या केल्या, निळे झेंडे घेतले, हार घेतले, आणि वसाहतीच्या नाक्यावर मोठा फलक लावला. त्यावर त्याचा फोटो आणि नावाच्या आधी 'डॉ.'. तो फलक कोणी लावला म्हणाल तर आम्हीच लावला. मजकूर आमचाच होता.

गाडी नाक्यावर आली, मुलाने फलक वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. आम्हांला वाटले प्रवासाचा शीण असेल. रात्री तो घरी आला आणि म्हणाला, "काका, तो फलक काढा. माझा प्रबंध झालेला नाही. दोन प्रकरणे राहिली आहेत. पैसे संपले म्हणून आलो."

आम्ही फलक रातोरात उतरविला. परंतु वसाहतीने तो वाचलेला होता. फलक लागलेला सर्वांनी पाहिला आणि उतरलेलाही पाहिला. पुढचे सात-आठ महिने तो मुलगा विहारात आला नाही, बुद्धपौर्णिमेलाही नाही. आईला बायका विचारायच्या, डिग्रीचं काय झालं हो? त्या माऊलीने पाण्याला जाण्याची वेळ बदलली. त्या वर्षी स्मरणिकेत गुणवंतांचे फोटो छापले, त्यात त्याचा फोटो नव्हता, कारण आपला नियम पदवी पूर्ण झालेल्यांचेच फोटो छापण्याचा आहे. नियम आम्हीच केलेला आहे. आज तो आम्हांला बोचतो.

बऱ्याच दिवसांनी त्याच्याशी निवांत बोलणे झाले तेव्हा आम्ही विचारले, निघण्यापूर्वीच्या शेवटच्या महिन्यात काय केलेस? तो म्हणाला, खोली रिकामी केली, सायकल विकली, बहिणींसाठी स्वेटर घेतले, घरमालकिणीकडून अनामत रक्कम परत मिळविण्यासाठी चार वेळा खेटे घातले. रजेचा किंवा मुदतवाढीचा अर्ज केलास का? असा काही अर्ज असतो हेच त्याला माहीत नव्हते. मार्गदर्शकांना सांगितलेस का? नाही. त्यांना तोंड कसे दाखवायचे असे वाटले, म्हणून न भेटताच आला. नोंदणीची मुदत तो इकडे बसलेला असताना संपून गेली.

दोष त्याचा एकट्याचा आहे असे आम्हांला वाटत नाही. घरून दर आठवड्याला फोन जायचा, मोबाईलवर एकमेकांचे चेहरेही दिसायचे, आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच असायचा, झालं का? मुलगा म्हणायचा, होत आलं. 'नाही झालं' हे म्हणायला आपण त्याला जागाच ठेवली नव्हती. ज्या समाजाने पदव्यांची माळ पाठ केली आणि तारखा पाठ केल्या नाहीत, त्या समाजातला मुलगा अपुरे काम घेऊन येताना चोरासारखा येणारच. त्याला कोणी सांगितलेच नाही की बाबासाहेबही असेच आले होते.

तो मुलगा आज या सभागृहात आहे. त्याच्या संमतीनेच आम्ही हे बोललो. त्याने पुढे धीर करून मार्गदर्शकांना पत्र लिहिले, क्षमा मागितली, त्यांनी समजून घेतले. जुनी नोंदणी जिवंत झाली नाही, नव्याने करावी लागली आणि तिची फी तो एका महाविद्यालयातील तासिका तत्त्वावरच्या नोकरीतून हप्त्याहप्त्याने भरतो आहे. एक प्रकरण झाले आहे, एक अजून बाकी आहे. ते होईल की नाही हे आम्ही त्याला विचारीत नाही.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्र सरकारचीही आहे. या वर्षी आपल्यातून जी मुले निघाली आहेत त्यांना त्यांचा लाभ मिळाला याचा आम्हांला आनंद आहे. मुदत आणि अटी त्यांनाही आहेत, बडोद्याच्या करारासारख्याच. करारावर सही करताना मुदत कोणत्या तारखेला संपते आणि विद्यापीठाचा अभ्यास कोणत्या तारखेला संपतो, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात. मध्ये अंतर निघाले तर ते आजच कळलेले बरे. आणि पालकांना आमची हात जोडून विनंती आहे की विमानतळावर हार जरूर न्यावेत, पण फलकावर काय लिहायचे ते मुलाला विचारून लिहावे. कार्यकारिणीपुढे आम्ही आजच लेखी सूचना दिली आहे की पुढील स्मरणिकेत गुणवंतांच्या पानावर, ज्यांचा अभ्यास चालू आहे अशांचीही नावे घ्यावीत. ती मान्य होईल न होईल, चर्चा तरी व्हावी.

आता चहा आहे. चहानंतर जाणाऱ्या सहाही जणांनी मागच्या छोट्या खोलीत थांबावे. ज्या मुलाविषयी आम्ही बोललो तो आणि त्याच्याबरोबर परदेशात शिकून आलेल्या आपल्या दोन भगिनी तेथे बसणार आहेत. रजेचा अर्ज कसा लिहितात, तो कोणाच्या सहीने पुढे जातो, किती महिने आधी द्यावा लागतो, हे तुम्हांला ते दाखवितील. पासपोर्ट वगैरे काही आणू नये. विद्यापीठाच्या नियमांचे पुस्तक ज्यांनी छापून घेतले असेल, त्यांनी तेवढे बरोबर घ्यावे.

जयभीम.